३ रुपये युनिटने वीज विकून १ मेगावॉटचा सोलर कोल्हापूर जिल्ह्यात परवडतो का?

करवीरकर
मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० मध्ये (उपकेंद्राजवळ सोलर प्लांट टाकून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची राज्याची योजना) प्लांट टाकायची चर्चा गावोगाव चालू आहे. माझ्या मते अडचण तंत्राची नाही, पैशाची आहे. १ मेगावॉटला ४-५ एकर रान, खर्च धरा ४ कोटी. वर्षाला १५ लाख युनिट निघाली तरी ४५ लाख हातात. देखभाल, विमा, राखणदार, धुलाई, भाडं यात ८ लाख गेले, उरले ३७. आता ७० टक्के कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत: वर्षाचा हप्ता ४५ लाखांवर जातो. दर २५ वर्षं तोच, राखणदाराचा पगार मात्र दरवर्षी वाढणार.

शिरोळ_३३केव्ही
अनुदान कुठं गेलं? केंद्राच्या कुसुम योजनेच्या ‘क’ भागातून मेगावॉटला १.०५ कोटीपर्यंत मिळतं. मग उरलेल्या २.९५ कोटींवर ७० टक्के कर्ज म्हणजे २ कोटी ७ लाख, हप्ता ३४ लाखांच्या आत. मुदत १५ वर्षं घेतली तर २७ लाख. परवडतंय की ओ!

करवीरकर
३७ मधून ३४ गेले तर उरलं काय? एक पावसाळा लांबला की संपलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन किती पडतं ते गगनबावड्याकडं तोंड करून बघा.

तारमार्ग
दोघंही युनिट मोजताय, फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाईन) कोणी मोजत नाही. लाईन गेली की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज लाईनीला जोडणारं यंत्र) २ सेकंदांत बंद व्हायलाच हवा, नाहीतर खांबावरचा वायरमन जीवानिशी जाईल. लाईन आल्यावरही तो काही मिनिटं थांबूनच जोडून घेतो. भर दुपारी तासभर लाईन नसली तर ७५०-८०० युनिट, म्हणजे २,४०० रुपयांपर्यंत पाण्यात. ते भरून कोण देणार, हे करारात आधी वाचा.
दुसरं, पावसाळ्यात नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी बंद असतात. उपकेंद्राच्या ११ केव्ही बसवर (जिथून गावाकडच्या लाईनी निघतात) लोड नाही, तरी उघडीप मिळाली की प्लांट वीज ढकलतोच. ती उलटी वरच्या ३३ केव्ही लाईनीकडे चढते, व्होल्टेज वाढतं आणि इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. लोक पॅनेलवाल्याला शिव्या देतात. उपकेंद्र जवळ असून भागत नाही, तिथला दुपारचा कमीत कमी लोड विचारा.

शिरोळ_३३केव्ही
हे बरोबर. पण इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता लाईनीत नुसती ये-जा करणारी वीज) ओढायला लावून व्होल्टेज बरंच खाली आणता येतं. त्यासाठी प्लांट बंद ठेवायला नको.

भट्टीवाला
३ रुपयांना विकण्यापेक्षा शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीनं स्वतःच्या छपरावर टाकावं. तिथं वाचलेलं युनिट त्याच्या दुपटीहून जास्तीचं. फक्त एक गोष्ट हमखास चुकते. ५०० किलोवॉट लोड, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण विजेतला कामाचा वाटा) ०.९८, म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवर १०० केव्हीएआर. सोलरनं ३५० किलोवॉट दिले की ग्रिडमधून १५० येतात, केव्हीएआर तेवढेच राहतात. मीटरवर पॉवर फॅक्टर ०.८३! एचटीचं (उच्चदाब ग्राहकाचं) बिल केव्हीएएचवर, म्हणजे रिअॅक्टिव्ह धरून, त्यामुळं बचतीतला तुकडा तिथंच जातो. एपीएफसी पॅनेलचा (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पेटीचा) सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, लोडच्या बाजूला असेल तर पॅनेलला हे दिसतच नाही. तो सोलर जोडणीच्या आधी, मेन इनकमरवर (बाहेरून वीज आत येते तिथं) घ्या आणि कपॅसिटरचे टप्पे पुरतात का बघा.

करवीरकर
भट्ट्या रात्री चालत असतील तर? टीओडी मीटरवर (वेळेनुसार वेगळा दर लावणाऱ्या) दुपारी दिलेलं युनिट रात्रीच्या वापरातून वजा होईलच असं नाही.

भट्टीवाला
म्हणून प्लांट दुपारच्या लोडएवढाच ठेवायचा. मंजूर लोड बघून छप्पर भरणारे फसतात. शिवाय फौंड्रीच्या छपरावर वाळूची बारीक धूळ बसते, धुलाईला पाण्याची लाईन सुरुवातीलाच वर न्या.

तारमार्ग
आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात प्लांट टाकणाऱ्यांनी पाया खोल घ्यावा. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, स्ट्रक्चर तिरकं झालं की काचेवर ताण येतो. इन्व्हर्टर तर २०१९ च्या पूररेषेच्या वरच.