टॅकल न करता सराव, आणि तरीही ४८९ विजय: जॉन गॅलार्डी यांच्या कारकिर्दीविषयी प्रश्न

प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’विषयी वाचताना जॉन गॅलार्डी हे नाव वारंवार समोर आले. मिनेसोटातील सेंट जॉन्स विद्यापीठात १९५३ पासून २०१२ पर्यंत ते मुख्य प्रशिक्षक होते, आणि त्याआधीची मोंटानातील कॅरोल कॉलेजची चार वर्षे धरून त्यांच्या नावावर ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरी आहेत. मला दोन गोष्टी उमगत नाहीत. ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेपावून पाडायचे, म्हणजे टॅकल करायचे, असते, त्या खेळाचा सराव कोणालाही न पाडता कसा होत असेल? आणि एवढे यश मिळवणारा माणूस साठ वर्षे एका लहान महाविद्यालयातच का राहिला असेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९४३ मध्ये सापडते. कोलोरॅडोतील ट्रिनिडॅड येथे गॅलार्डी यांच्या शाळेचे प्रशिक्षक महायुद्धावर गेले आणि संघ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा सोळा वर्षांच्या या मुलाने संघ मीच सांभाळतो असे शाळेला पटवून दिले. आधीच्या प्रशिक्षकांच्या काळात सरावादरम्यान पाणी पिण्यास मनाई होती आणि त्यालाच शिस्त मानले जात असे. खेळाडू म्हणून जे जे निरर्थक वाटले होते, ते ते त्यांनी काढून टाकले, आणि ही छाटणी पुढे आयुष्यभर चालू राहिली. सेंट जॉन्समध्ये सरावात शिट्टी नव्हती, ढकलण्याचे लोखंडी सांगाडे नव्हते, संघातून कोणाला वगळणे नव्हते, आणि त्यांना ‘कोच’ म्हणण्यासही परवानगी नव्हती. अठरा वर्षांचा मुलगाही त्यांना ‘जॉन’ अशीच हाक मारत असे. सरावाआधीच्या व्यायामातला एक प्रकार तर असा होता की खेळाडूंनी गवतावर उताणे पडायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, ‘आज दिवस किती छान आहे!’

यावरून सराव सैल असावा असे वाटते, पण प्रत्यक्षात तो अत्यंत काटेकोर होता. बचावपटूने चाल ओळखायची, चेंडू घेऊन धावणाऱ्यापर्यंत योग्य कोनातून पोहोचायचे आणि तिथे त्याला सोडून द्यायचे. एखाद्याचे पाऊल चुकले तर तीच चाल पुन्हा. पाडण्यासाठी लागणारे बळ खेळाडूच्या अंगात असतेच, नेमक्या जागी वेळेवर पोहोचणे मात्र शिकवावे लागते, असा त्यामागचा विचार मला दिसतो. शिवाय शनिवारच्या सामन्याला त्यांचे खेळाडू धडधाकट उतरत. सेंट जॉन्स महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळते, आणि तिथे क्रीडाकौशल्यासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. जखमी खेळाडूच्या जागी तितकाच तयार दुसरा विकत घेतल्यासारखा आणता येत नाही. तिथे खेळाडू जपणे हीच मोठी युक्ती ठरते.

दुसरा प्रतिसाद

गॅलार्डी यांच्याविषयी मलाही आदर आहे, परंतु विजयांची एकूण संख्या हे मोजमाप मला पुरेसे वाटत नाही, कारण चौसष्ट हंगामांत ती वाढणारच. त्याच श्रेणीतील माउंट युनियनचे लॅरी केहरेस यांनी १९८६ ते २०१२ या काळात ३३२ सामने जिंकले आणि केवळ २४ गमावले. राष्ट्रीय विजेतेपदे अकरा. गॅलार्डी यांची विजेतेपदे चार आहेत: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. तसेच ज्यांचा ४०८ विजयांचा विक्रम त्यांनी मोडला, त्या एडी रॉबिन्सन यांनी लुइझियानातील ग्रॅम्बलिंगमध्ये वर्णभेदाच्या काळात संघ उभा केला आणि दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोहोचवले. ती कामगिरी आकड्यांच्या तुलनेत झाकली जाऊ नये.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

रॉबिन्सन यांच्याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. केहरेस यांच्या संदर्भात मात्र २००३ चा हंगाम लक्षात घ्यावा. ८ नोव्हेंबरला बेथेलच्या संघावर २९–२६ असा विजय मिळवून गॅलार्डी यांनी रॉबिन्सन यांना मागे टाकले, आणि डिसेंबरमधील अंतिम सामन्यात, सलग ५५ सामने जिंकून आलेल्या माउंट युनियनला २४–६ असे हरवले. तेव्हा त्यांचे वय ७७ होते.

तिसरा प्रतिसाद

दुसरा प्रश्न तसाच राहिला, म्हणून लिहितो. मोठ्या विद्यापीठात प्रशिक्षकाचा बराच वेळ खेळाडू मिळवण्यात आणि देणगीदारांना सांभाळण्यात जातो, आणि दोन-तीन हंगाम वाईट गेले की गच्छंती ठरलेली असते. अशा ठिकाणी, सरावात कोणी कोणाला पाडणार नाही, असे सांगणारा तरुण प्रशिक्षक पहिल्या सलग पराभवांनंतर टिकला असता असे मला वाटत नाही. लहान महाविद्यालयात कामाचे स्वरूपच वेगळे असते. गॅलार्डी यांनी पन्नासच्या दशकात तिथल्या आइस हॉकी संघालाही शिकवले. त्यांना तिथे स्वतःची पद्धत सिद्ध करण्यास अवधी मिळाला, आणि माझ्या मते तेच त्यांच्या मुक्कामाचे खरे कारण असावे.

डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावातील टॅकल बंद केले, आणि २०१६ मध्ये डार्टमथ ज्यात खेळते त्या, आठ नामवंत विद्यापीठांच्या संपूर्ण आयव्ही लीगने हंगामातील सरावांसाठी तोच निर्णय घेतला. गॅलार्डी ऑक्टोबर २०१८ मध्ये, ९१ व्या वर्षी वारले. सोळाव्या वर्षापासून धरलेली वाट इतरांनीही धरलेली त्यांना पाहायला मिळाली, याचे मला फार समाधान वाटते.