नियुक्तीपत्र स्वीकारल्यावर नोकरी नाकारली, दाद मागता येईल का?

प्रश्न: दारव्हा तालुक्यातील एका जिनिंग कारखान्याने लेखापालपदाचे नियुक्तीपत्र ईमेलने पाठवले, मी ते त्याच दिवशी लेखी स्वीकारले आणि पतसंस्थेतील नोकरीचा राजीनामा दिला, मात्र कापसाची आवक कमी असल्याचे सांगून त्यांनी काल फोनवरच नियुक्ती रद्द केली. राजीनाम्याची मुदत अजून संपलेली नाही.

उत्तर १: ताई, रद्द करण्याचे कारण ईमेलने लेखी मागा. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रस्ताव स्वीकृती पूर्ण होण्यापूर्वीच मागे घेता येतो, म्हणून तुमचे स्वीकृतीचे उत्तर हाच मुख्य पुरावा ठरेल. कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येते. परंतु पत्रात ‘कारण न देता रद्द’ अशी अट असल्यास बाजू लंगडी पडते, आणि खासगी मालकाने नोकरीच द्यावी असा आदेश न्यायालय सहसा देत नाही.

उत्तर २: दाव्याचे नंतर पाहता येईल. आधी राजीनामा मागे घेत असल्याचा अर्ज पतसंस्थेत आजच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. हंगामी धंद्यातले मालक पहिल्या वेचणीचा अंदाज घेऊन माणसे ठरवतात, हे आपल्याकडे नवीन नाही.

उत्तर ३: नोटिशीसाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा; महिलांना मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही.