'फोर्ज्ड इन फायर'सारखी तीन तासांत खरंच सुरी होते का?

बोथटविळी
मंडळी, आमच्या नववीतल्या चिरंजीवांना 'फोर्ज्ड इन फायर' या अमेरिकन टीव्हीवरच्या पाती घडवायच्या स्पर्धेचं वेड लागलंय. चार लोहार, तीन तास, ठिणग्या, मग तेलात फस्स, आणि शेवटी कुणीतरी हाडं नाहीतर बर्फाची लादी तोडतं. काल भंगारवाल्याकडून जीपचा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) उचलून आणलाय, गच्चीवर भट्टी लावू म्हणतोय. खरंच एवढ्यात होते का सुरी, की सगळं नाटक? (माझी विळी दोन महिने बोथट आहे, तिला कुणी हात लावत नाही.)

भात्यापाशी
ताई, नाटक नाही. माणसं खरी कारागीर असतात, चटकेही खरेच बसतात. माझा आज्जा गावचा लोहार, मी स्वतः बावीस वर्षं एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला (पोलाद तापवून-थंड करून कडक करायच्या कामाला) आहे, त्यामुळे मीही आवडीने बघतो आणि चिडतोही.

तीन तासांत होतं ते कच्चं पातं. तेलात बुडवताना वाकलं का, तडा गेला का, हे सगळं श्वास रोखून दाखवतात. पण तेलातून निघालेलं पातं काचेच्या जातीचं. कानस वरून घसरते, फरशीवर आपटलं तर तुकडा पडेल. ते दोनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास, बहुतेकदा दोन वेळा, भट्टीत ठेवावं लागतं. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. टीव्हीवर हे कॅमेऱ्यामागे उरकतं. बंद ओव्हन कोण बघणार?

आज्ज्याकडे कुठला ओव्हन. कोयत्याला पाणी द्यायचं, म्हणजे धार कडक करायची असली की तो खोपटाच्या दाराला पोतं लावायचा, तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही म्हणून. धारेकडचा दोन बोटं रुंद भाग पाण्यात, लगेच बाहेर, विटेच्या तुकड्यावर घासून चकचकीत. मग पाठीतली ऊब धारेकडे सरकायची आणि तिच्याबरोबर रंग पळायचे: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा. पिवळा धारेला भिडून तपकिरी मागून आला रे आला, की सबंध कोयता पाण्यात. चुकून निळा येऊ दिला तर पाणी उतरलं म्हणायचं, धार उसात वळणार आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि आज्जा त्या वेळी कुणाला खोकूसुद्धा द्यायचा नाही. मला टीव्हीवर हे बघायचंय. घणाचे घाव काय, कुणालाही कळतात.

चाचण्यांचंही तसंच. अमेरिकेतच 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेची जर्नीमनची (तयार कारागिराच्या दर्जाची) परीक्षा आहे. एकाच सुरीने लोंबता इंचभर जाड दोर एका घावात कापायचा, लाकडी फळी तोडायची, त्यानंतरही हातावरची लव निघाली पाहिजे, आणि शेवटी पकडीत धरून ती नव्वद अंश वाकवायची, मोडता कामा नये. बर्फ फोडण्यापेक्षा हे कितीतरी थरारक आहे, पण धूर नाही ना.

आणि ते दमास्कस, नक्षीवालं पोलाद! दाखवतात ते दोन पोलादांचे थर ठोकून जोडलेलं. ॲसिडात घातलं की निकेलवाला थर उजळ राहतो, दुसरा काळा पडतो. सुंदर असतं, वाद नाही. पण जुन्या काळी ज्या पोलादाने ते नाव गाजवलं ते आपल्या दख्खनेतल्या आणि दक्षिणेतल्या मुशींतलं (पोलाद वितळवायच्या मातीच्या भांड्यांतलं), वुट्झ. त्यातली नक्षी थर न लावता आतूनच उमटायची. चिरंजीवांना एवढं सांगाच.

रिकामटेकडा
जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर देतात. तेवढ्यात मी उलथनंही ठोकून देईन.

ओहायोकर
इथे दोन दिवसांचा वर्ग केला होता. ठोकाठोकी पहिल्या दिवशी दुपारीच संपली. उरलेला सगळा वेळ बेल्ट ग्राइंडरसमोर उभं राहून. दर दहा सेकंदांनी पातं पाण्यात, नाहीतर पाणी उतरतं. रात्री नाक शिंकरलं तर काळं. हे टीव्हीवर अर्ध्या मिनिटात आटोपतं. सुरी मात्र अजून टोमॅटो कापते.

बोथटविळी
मग त्याला नाही म्हणू का?

भात्यापाशी
नाही कशाला म्हणता? फक्त गच्ची नको, मोकळं अंगण बघा, मोठं माणूस शेजारी हवं. गॅल्वनाइज्ड पाइप भट्टीत घालायचा नाही, जस्ताचा धूर फार वाईट. सुरीच्या भानगडीत आत्ताच पडू नका. पाट्याची बोटभर पट्टी कापून घ्या, लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवा, त्याहून जरासंच जास्त, मग कोमट तेलात. तेल लोखंडी डब्यात, वर झाकण तयार, पेट घेतं. गार झाली की पकडीत धरून मोडायची, डोळ्याला चष्मा लावून. तुटलेल्या जागी दाणा बारीक, राखाडी, मखमलीसारखा दिसला तर तापमान जमलं. खडीसाखरेसारखा चमकला तर जास्त तापवलं.

बोथटविळी
रविवारी दिराच्या मळ्यात केलं. खडीसाखर. दुसरी पट्टी, पुन्हा खडीसाखर, जरा बारीक. साहेब जेवायला आले नाहीत, तिसरी कापत बसलेत. विळी अजून तशीच आहे.