शिट्टी हातात आली की काय होतं? रेफ्री-अंपायर लोकांनो, अनुभव लिहा

कधीतरी रेफ्री, अंपायर, लाईन जज म्हणून उभे राहिला असाल तर तुमच्या कामाला मार्क कोण देतं आणि ते पटतात का, सांगा. शिव्या खाल्ल्याचे किस्से पण चालतील.

---

फुटबॉल. आमच्याकडे असेसर वही घेऊन स्टँडमधे बसतो, दहापैकी मार्क. ८.३-८.४ म्हणजे मॅच नीट पार पडली. एक मोठी ढळढळीत चूक झाली की बाकी कितीही भारी काम केलेलं असो, सरळ ७.९. मला पडलाय तो. पेनल्टी दिली नाही, कारण ऐनवेळी डिफेंडरची पाठ मधे आली आणि पाय लागलेला दिसलाच नाही. मला वाटलं निर्णयावरून झापेल, तर तो म्हणाला "तू मुळात तिथे का उभा होतास? चार पावलं डावीकडे असतास तर दिसलं असतं." राग आला खूप, पण तेव्हापासून बॉलच्या मागे सरळ पळत नाही, तिरका पळतो.

---

क्रिकेट. आमच्या लीगमधे दोन्ही कॅप्टन अंपायरचा फॉर्म भरतात. हरलेल्याचा फॉर्म मी न उघडता सांगू शकतो :) एका कॅप्टनला शून्यावर एलबी दिला होता, मैदानातून जाताना माझ्याकडे बघत बघत गेला, आणि तरी फुल मार्क. मॅच जिंकले होते ना!

---

बॅडमिंटन लाईन जज. शटल पडताना खेळाडू मधे आला आणि काहीच दिसलं नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, ती खूणच आहे. पहिल्यांदा केली तेव्हा लोक हसले. हसूदेत, ठोकून आऊट म्हणण्यापेक्षा बरं.

---

२०१९ क्रिकेट वर्ल्ड कप फायनलच्या त्या ओव्हरथ्रोला (फील्डरचा थ्रो बॅटला लागून बाउंड्रीला गेला होता) अंपायर धर्मसेनांनी ६ रन दिले, हवे होते ५, कारण थ्रो सुटला तेव्हा दुसऱ्या रनला बॅट्समननी एकमेकांना क्रॉस केलेलंच नव्हतं. नंतर त्यांनी चूक कबूलही केली. मी तेव्हा टीव्हीसमोर जाम बोललोय त्यांना. मग मित्रांच्या मॅचला स्वतः उभा राहिलो. बॉलरचा पाय बघू, बॅट बघू की रनर बघू, त्यात तिसऱ्याच ओव्हरला सातवा बॉल टाकू दिला राव.

---

@वरचे, खिशात सहा खडे ठेवा, प्रत्येक बॉलला एक दुसऱ्या खिशात. मी खड्यांशिवाय एकदा पाचावरच ओव्हर संपवली, दोन्ही टीममधलं कोणी काही बोललं नाही. बहुतेक मोजत कोणीच नव्हतं.