मदत हवी आहे : अमेरिकेत रस्त्यावर लष्कर उतरवायचं तर राष्ट्राध्यक्ष कुणाला विचारतात?

मंडळी, प्रश्न माझा नाही, बाबांचा आहे. पण उत्तर मला द्यायचंय आणि मी पार अडकलेय.

बाबा निवृत्त नायब तहसीलदार. सध्या आमच्याकडे लॉस एंजेलिसजवळ राहायला आलेत. जून २०२५ मध्ये इथे इमिग्रेशनच्या धाडींविरुद्ध निदर्शनं झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम (गव्हर्नर म्हणजे इथे निवडून आलेला राज्यप्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) नको नको म्हणत असताना ट्रम्पनी सुमारे ४,००० नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव लष्कर, जे केंद्रालाही आपल्या सेवेत घेता येतं) आणि ७०० मरीन सैनिक पाठवले होते. परवा जेवताना तो विषय निघाला. बाबांनी घास हातातच ठेवून विचारलं, "पण यांचा मॅजिस्ट्रेट कोण?"

ज्यांना संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी : आपल्याकडे जमाव पांगवायला लष्कर लागलं तर ते कार्यकारी दंडाधिकारी बोलावतो. पूर्वी सीआरपीसीचं १३० कलम होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४९. बाबांना ही कलमं तोंडपाठ. १९८४ ला भिवंडीत लष्कर आलं तेव्हा ते त्याच भागात कारकून होते, त्यामुळे विषय निघाला की थांबत नाहीत.

मी शोधलं तर दोन कायदे सापडले. १८०७ चा इन्सरेक्शन ॲक्ट म्हणतो लष्कर वापरता येतं. १८७८ चा पॉसी कॉमिटेटस ॲक्ट म्हणतो, पोलिसाचं काम लष्कराकडून करून घेणं हा गुन्हा. मग खरं काय? गव्हर्नरची संमती लागते की नाही? आणि हे म्हणजेच मार्शल लॉ, लष्करी अंमल का? (नवरा म्हणतो हो. त्याचं फार मनावर घेऊ नका.)

---

प्रतिसाद :

ताई, बाबांना सांगा, मॅजिस्ट्रेट कुणीच नाही. तिथेच खरी गोम आहे.

दोन कायदे भांडत नाहीत. पॉसी कॉमिटेटसमध्येच लिहिलंय की राज्यघटनेने किंवा काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) कायद्याने स्पष्ट मुभा दिली असेल तर ही बंदी लागू नाही. इन्सरेक्शन ॲक्ट ही ती मुभा. एक कुलूप, दुसरी किल्ली.

आता संमतीचं. या कायद्यात आत शिरायचे तीन दरवाजे आहेत. पहिला, राज्याच्या विधिमंडळाने किंवा ते भरवता येत नसेल तर गव्हर्नरने मदत मागायची. १९९२ ला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस खटल्यात सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं, तेव्हा गव्हर्नर पीट विल्सन यांनी मागितली आणि थोरल्या बुशनी दिली. दुसरा दरवाजा : फेडरल, म्हणजे केंद्राचे, कायदे नेहमीच्या कोर्टाच्या मार्गाने राबवणं शक्य नाही असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं तर. तिसरा १८७१ चा, कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या दहशतीतून आलेला : लोकांचे घटनात्मक हक्क डावलले जाताहेत आणि राज्य ते राखत नाही किंवा राखायला तयार नाही. या दोन्हींत गव्हर्नरला विचारायची गरजच नाही.

तिसऱ्याचं उदाहरण बाबांना आवडेल. १९५७, आर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक. तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवायला गव्हर्नर फॉबसनी राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी काय करावं? तेच गार्ड फेडरल हुकमतीखाली घेतले आणि वर १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे हजार जवान पाठवले. ज्यांनी मुलांना अडवलं, त्यांच्यावरच पुढे मुलांना सांभाळायची पाळी आली!

म्हणून हा कायदा नुसता वाईट म्हणून उडवून लावता येत नाही. माझी तक्रार "वाटलं तर" या शब्दांवर आहे. सुप्रीम कोर्टाने १८२७ मध्येच मार्टिन विरुद्ध मॉट खटल्यात सांगून ठेवलंय की अशी वेळ आली की नाही, हे ठरवणं राष्ट्राध्यक्षांचं काम. आपल्याकडे निदान जाग्यावर हजर असलेल्या अधिकाऱ्याला हुकूम द्यावा लागतो.

मार्शल लॉ नव्हे. कोर्टं चालू राहतात. नागरी न्यायालयं उघडी असताना साध्या नागरिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवता येत नाही, हे १८६६ च्या मिलिगन निकालापासून पक्कं आहे. नवरोजींना कळवा.

---

प्रतिसाद :

वरच्यांना एक दुरुस्ती नाही, पण जोड. २०२५ च्या त्या प्रकरणात इन्सरेक्शन ॲक्ट वापरलाच नव्हता. गार्ड फेडरल सेवेत ओढायचं एक वेगळं कलम आहे, ते वापरलं. म्हणजे किल्ली न लावता दार ढकललं. म्हणूनच फेडरल न्यायाधीश ब्रायर यांनी २ सप्टेंबर २०२५ ला पॉसी कॉमिटेटसचा भंग झाला असा निकाल दिला. गव्हर्नरच्या इच्छेविरुद्ध गार्ड घेण्याचा त्याआधीचा प्रसंग १९६५ चा, अलाबामाचा. तिथे राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी नागरी हक्कांच्या मोर्चेकऱ्यांच्या संरक्षणासाठी घेतले होते.

---

प्रतिसाद :

कलमं राहू द्या, लष्कर आणि पोलीस यांची भाषाच वेगळी असते. १९९२ च्या त्याच दंगलीत, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये पोलीस आणि मरीन एका घरगुती भांडणाच्या तक्रारीवर गेले. आतून गोळी आली. पोलीस म्हणाला, "कव्हर मी". त्याच्या लेखी अर्थ : बंदुका रोखून तयार राहा. मरीनच्या लेखी : गोळ्यांचा मारा करून मला पुढे जाऊ द्या. दोनशेवर गोळ्या झाडल्या त्या घरावर. आत माणसं होती. नशीब, कुणाला लागली नाही.

---

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. कॉम्प्टनचा किस्सा दोनदा वाचायला लावला. नवरा गप्प आहे.

बाबांचा एकच उपप्रश्न. आपल्याकडे आधी जमावाला पांगायचा हुकूम द्यावा लागतो. इथे ती भानगडच नाही का?

---

प्रतिसाद :

आहे की! इन्सरेक्शन ॲक्ट वापरायचा तर राष्ट्राध्यक्षांनी आधी जाहीरनामा काढून बंडखोरांना ठरावीक वेळात शांतपणे आपापल्या घरी परतायला सांगायचं असतं. किती तास, ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही.

---

धागाकर्ती :

सांगितलं. बाबा म्हणाले, "मग भोंग्यावरून ओरडायचं काम तरी कुणाचं?"