डाव्या कानामागची गाठ: थांबू, किरण घेऊ की ऑपरेशन?

खासबागचा_विणकर

मंडळी, नमस्कार. मी बेळगावचा, खासबागेत घरातच चार यंत्रमाग आहेत. वय ५४.

गेल्या दिवाळीपासून एक माग थांबला की मी हमखास भलत्याच मागाकडे जायला लागलो. बाण्याचा धागा तुटला तर कुठला माग थांबला ते तीस वर्षं मला कानानंच कळायचं, मान वर करावी लागली नाही. आता आवाज कमी झाला एवढं कळतं, कुठल्या बाजूनं ते कळत नाही. बायको म्हणाली, सगळ्या विणकरांचे कान जातात की ओ, आता तुमचा नंबर. मलाही तेच वाटलं. फोन मी फक्त उजव्या कानाला लावतोय हेही तिनंच दाखवून दिलं.

डॉक्टरांनी ऐकण्याची तपासणी केली. मागाच्या खडखडाटानं दोन्ही कान ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजाला, सारखेच खाली आलेले. पण डावा पुढं ५५ डेसिबलपर्यंत उतरलेला, आणि शब्द ओळखायला लावले तर डाव्यानं शंभरातले ४० सांगितले. "मागानं गेले तर दोन्ही जातील, एकटा डावा कसा जातोय?" डॉक्टर कन्नडातून म्हणाले आणि इंजेक्शनवाला एमआरआय लिहून दिला. रिपोर्टमध्ये डावीकडं व्हेस्टिब्युलर श्वानोमा, १४ मिमी. तोल सांभाळणाऱ्या नसेवरची गाठ, कॅन्सर नाही.

इथंवर ठीक. पुढं एका दवाखान्यात (नाव घेत नाही) माझी सीडी कॉम्प्युटरात घालायच्या आधीच सांगितलं, मेंदूजवळ आहे, दोन दिवसांत ॲडमिट व्हा. काउंटरवर खर्चाचा कागद तयार. मिरजेतले डॉक्टर म्हणाले किरण (रेडिएशन) घ्या. हुबळीचे म्हणाले, सहा महिन्यांनी परत एमआरआय काढून या, तोवर माग चालवा.

कानात सारखी रातकिड्याची किरकिर आहे. रात्री लाइट गेली की न्हाणीत जाताना भिंत धरतो. राणी चन्नम्मा पकडून बेंगळुरूला जायची तयारी आहे, पण कशासाठी जायचं ते तर ठरू दे. कुणी यातून गेलंय का? आणि मागाची दिशा मला परत कळायला लागेल का?

निपाणीच्या_बाई

दादा, माझी उजवीकडं आहे. २०१८ साली ९ मिमी होती, आता १० आहे. एक मिमी म्हणजे मोजणाऱ्याच्या हातातला फरक, असं आमचे डॉक्टर म्हणतात. पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, मग वर्षाला एक.

एक सांगते. तुलना रिपोर्टच्या कागदावरून करू देऊ नका. जुनी सीडी नेऊन शेजारी लावून मोजायला लावा. माझ्या एका रिपोर्टात गाठ अचानक १३ झाली होती. घरी दोन दिवस चूल पेटली नाही म्हणा ना. नंतर कळलं, दुसऱ्या सेंटरनं तिरकी मापली होती. तेव्हापासून सगळ्या सीड्या ट्रंकेत पातळांच्या घडीत ठेवते आणि सेंटर बदलत नाही.

पण गाठ वाढली नाही तरी कान उतरलाच. शाळेत मी मुलं डाव्या हाताला येतील अशी उभी राहते. मुलांना वाटतं बाईंची ती सवयच आहे.

घाटावरचा

चंदगडला एक वैद्य कानात घालायला तेल देतात. गाठ विरघळते म्हणे. आधी ते करून बघा.

खानापूरचा_जावई

घाटावरच्यांनो, ते तेल वड्याला वापरा.

माझ्या सासऱ्यांचं सांगतो. त्यांची ३.६ सेंमी होती, मेंदूच्या देठाला रेटत होती. चालताना दारू प्यायल्यासारखे झोकांडे जायचे, गावात बोभाटा. तिथं निवडायला काही नव्हतंच, ऑपरेशन झालं. कानामागचं हाड कोरून गेले, त्या बाजूचं ऐकणं कायमचं गेलं. चार दिवस नुसती चक्कर आणि उलटी. मग सोप्यात खांब धरून चालायला शिकले, लहान पोरासारखे.

खरा त्रास चेहऱ्याचा. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून असते, म्हणून सर्जननी गाठीचा एक पापुद्रा मुद्दाम सोडला. तरी चेहरा उतरला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा. डोळा मिटायचा नाही, दिवसा थेंब, रात्री मलम लावून वर चिकटपट्टी. आठ महिन्यांनी बरंच परतलं, हसताना अजून जरा वाकडं दिसतं. तुमचे १४ मिमी आणि त्यांचे साडेतीन सेंमी एका तराजूत घालू नका.

खर्चाचं म्हणाल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड घेऊन आधी सरकारी इस्पितळातून रेफरल लिहून घ्या. तो कागद विसरलात तर परत फेरी.

अनगोळची_बेंगळुरूत

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, माहेर अनगोळ. काका, तेल पडद्यापाशीच थांबतं, गाठ त्याच्या कितीतरी आत, हाडाच्या बोगद्यात आहे. ते सोडा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. दिशा कळायला दोन्ही कान लागतात. गेलेलं ऐकणं तीनपैकी कुठल्याच वाटेनं परत येत नाही. म्हणून कान परत मिळेल या आशेवर वाट निवडू नका. गाठ वाढतेय का, यावर निवडा. निम्म्याच्या आसपास गाठी वर्षानुवर्षं आहेत तेवढ्याच राहतात.

नॉर्वेत लहान-मध्यम गाठींच्या १०० रुग्णांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. निम्म्यांना लगेच किरण, निम्म्यांना थांबवलं. चार वर्षांनी किरणवाल्यांच्या गाठी लहान झाल्या होत्या, पण ऐकण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तेवढ्या काळात उपचार लागलेच नाहीत.

किरण म्हणजे गामा नाइफ. इथं बेंगळुरूत निम्हान्स या मेंदूच्या सरकारी इस्पितळात आहे. डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवतात, जागा बधिर करून, आणि एकाच दिवशी साधारण १२-१३ ग्रे (किरण मोजायचं एकक) मात्रा देतात. दहातल्या नऊहून जास्त गाठी पुढं वाढत नाहीत. पण पहिल्या वर्ष-दीड वर्षात गाठ फुगून मोठी दिसू शकते, तेव्हा घाबरून ऑपरेशनला धावू नका. आणि नंतर कधी ऑपरेशन करायची वेळ आलीच तर किरण लागलेली गाठ चेहऱ्याच्या नसेला जास्त चिकटलेली असते. सर्जनना हे आधीच विचारून ठेवा.

चेहरा बधिर वाटला, चालताना तोल फार जायला लागला, डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या, तर सहा महिने थांबायचं नाही. तोलासाठी व्यायाम असतात, ते आजपासून सुरू करता येतील. आणि १४ मिमीसाठी दोन दिवसांत ॲडमिट कशाला, हे मलाही कळलं नाही.

खासबागचा_विणकर

सगळ्यांचे आभार. काल हुबळीच्या डॉक्टरांना फोन केला. एमआरआय मार्गशीर्षात, त्याच सेंटरला. दोन मिमी किंवा जास्त वाढली तर निम्हान्स, असं त्यांच्याशी बोलून ठरवलं. निपाणीच्या बाई, सीडी बायकोच्या ट्रंकेत गेली.

दिशेचं ऐकून रात्री झोप नाही लागली, खोटं का बोला. सकाळी जावयाला बोलावलं, तो इलेक्ट्रिकचं काम करतोय. त्यानं चारी मागांवर एकेक लाल बल्ब बसवला, माग थांबला की पेटतोय. बायको म्हणते, शहापूरच्या जत्रेसारखं दिसतंय. तीन नंबरचा आत्ताच पेटलाय, जाऊन येतो.