ग्वाटेमालात एकच आठवडा: तिकाल वगळावं का?

सांजवारा

मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीत ह्यूस्टनहून ग्वाटेमालाला जायचं ठरतंय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई (वय 66, गुडघे थोडे कुरकुरतात, बाकी ठणठणीत). विमान साधारण तीन तासांचं. शनिवारी दुपारी पोचायचं आणि पुढच्या शनिवारी सकाळी निघायचं. म्हणजे हातात पूर्ण दिवस सहाच.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. तिकाल, म्हणजे जंगलातलं प्राचीन माया शहर, वगळावं. चार रात्री आंतिग्वा या जुन्या स्पॅनिश शहरात, तीन रात्री आतितलान तळ्याकाठी, बस.

देश नकाशावर छोटा दिसतो, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. पण रस्ते डोंगरातले. विमानतळ ते आंतिग्वा अंतर चाळीसेक किलोमीटर, तरी राजधानीच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास सहज जातात. आंतिग्वाहून तळ्याकाठचं पानाहाचेल अडीच-तीन तास. तिकाल तर पार उत्तरेला, पेतेनच्या जंगलात. रस्त्याने आठ-दहा तास. विमानाने तिकालजवळच्या फ्लोरेसपर्यंत एकच तास, पण त्यासाठी आधी राजधानीत परत यायचं, विमानतळावर ताटकळायचं आणि येताना पुन्हा तेच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माया संस्कृती म्हटलं की सगळे जंगलातल्या पडक्या मंदिरांकडे धावतात, जणू ती माणसं संपली. ती संपलेली नाहीत. देशात वीसहून जास्त माया भाषा आजही बोलल्या जातात. आतितलानच्या एका काठावर काक्चिकेल बोलतात, दुसऱ्या काठावर त्सुतुहिल. मला ती माणसं, त्यांचे बाजार, त्यांचं विणकाम बघायचंय. जुने अवशेषही हवेतच, तर तळ्याच्या वाटेवर तेक्पानजवळ इशिमचे आहे. ती काक्चिकेल लोकांची राजधानी होती, आणि 1524 मध्ये स्पॅनिशांनी आपलं पहिलं ठाणंही तिथेच मांडलं.

नवऱ्याचं मत बरोब्बर उलट आहे. तुमचं सांगा.

गडवाट

ठाम असहमत. नवरोबांना माझं मत द्या.

इशिमचे मी पाहिलंय. चांगली, शांत जागा आहे, मागच्या बाजूला झाडीत आजही माया पुजारी विधी करतात, ते बघण्यासारखं आहे. पण ती पंधराव्या शतकातली राजधानी, इमारती बुटक्या. त्यावरून तिकालची कल्पना येणार नाही. तिकालचं चौथ्या क्रमांकाचं मंदिर इ.स. 741च्या सुमाराचं, उंची पासष्ट मीटरच्या आसपास. लाकडी जिन्याने वर गेलात की चारी बाजूंना क्षितिजापर्यंत जंगल, आणि त्यातून वर आलेले बाकीच्या मंदिरांचे तीन-चार माथे. उद्यान सकाळी सहाला उघडतं. त्या वेळी हाउलर माकडं ओरडत असतात. आवाज एवढा घोगरा आणि मोठा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एखादं मोठं जनावर अंगावर येतंय असं वाटतं. बारा वर्षांच्या मुलाला हे दाखवायचं नाही?

आणखी एक. तिकालजवळ नदी नाही. हजारो माणसांचं शहर शतकानुशतकं साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर जगलं. फरसबंद चौकांना उतार देऊन पाणी तलावांत वळवलेलं आहे. त्यातल्या एका तलावात झिओलाइट आणि क्वार्ट्झ ही खनिजं वापरून पाणी गाळायची सोय होती, असं 2020 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. राजगड-रायगडावरची खोदीव टाकी पाहून वाढलेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट जितकी भिडेल तितकी क्वचितच कुणाला भिडेल. इथल्या शेवटच्या कोरीव स्तंभावरची तारीख आहे 869 ची. त्यानंतर काही पिढ्यांत शहर रिकामं झालं. ते का झालं, हे तिथे उभं राहून मुलाला सांगता येतं.

लोक जिवंत आहेत, हा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. पण म्हणून त्यांच्या पूर्वजांनी काय बांधलं ते बघायचं नाही, हे मला पटत नाही.

उत्तरा_के

मी सांजवाराच्या बाजूने. आंतिग्वात राहून स्पॅनिश शिकले आहे, त्यामुळे जरा हक्काने लिहिते.

तळ्याला लोक एक मुक्काम देतात, लाँचने चार गावांचे धक्के शिवतात, फोटो काढतात आणि म्हणतात, पाहिलं. गावं अशी कळत नाहीत. सान हुआन ला लागुनामध्ये विणकर बायकांच्या सहकारी संस्था आहेत. तिथे अर्धा दिवस बसा. मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं टोक रुंद पट्ट्याने विणणारीच्या कमरेला. धाग्याचा ताण वाढवायचा असला की ती बाई स्वतः मागे रेलते, कमी करायचा तर पुढे झुकते. वेगळी चौकट नाहीच, तिचं शरीर हीच चौकट. कापसाची एक जात मुळातच तपकिरी असते, तिला रंग द्यावा लागत नाही. बाकी धाग्यांना नीळ, झाडांच्या साली, कोचिनील किड्यांचा लाल. हे बघून मग बाजारात बाईच्या अंगातला वीपिल (हाताने विणलेला पारंपरिक ब्लाउज) बघाल तर त्यातली मेहनत दिसते. गावागावाचं नक्षीकाम वेगळं असतं.

सासूबाई विणकाम-भरतकाम करणाऱ्यांपैकी असतील तर त्यांना तिथून उठवणं कठीण जाईल. त्यांना पेतेनच्या पस्तीस डिग्रीत, दमट हवेत चालायला लावायचं की 1,500 मीटर उंचीवर तळ्याच्या गारव्यात बसवायचं, याचा विचार करा.

रानवेल

दोन्ही बाजूंना बाजूला ठेवून तिसरं सुचवते: सेमुक चाम्पे. नदी खालून वाहते आणि वर चुनखडीच्या नैसर्गिक पुलावर हिरवीनिळी कुंडं. शिवाय तो भाग म्हणजे आल्ता वेरापास, वेलदोड्याचा प्रदेश. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने बी आणलं, आणि आज वेलदोड्याच्या निर्यातीत ग्वाटेमाला जगात पुढे आहे, भारताच्याही पुढे. बराचसा माल आखाती देशांत जातो. पिकवणारी केक्ची माया कुटुंबं स्वतः वेलदोडा फारसा खातच नाहीत. मराठी घरातल्या माणसाला हे बघायला नको का?

गडवाट

रानवेल, जागा सुंदर आहे, पण या प्रवासात नाही. आंतिग्वाहून तिथल्या जवळच्या लांकिन गावाला आठ-दहा तास, पुढचा रस्ता उघड्या ट्रकमधून. सासूबाईंना घेऊन अजिबात नको.

जास्वंद

वयस्कर माणसांबद्दल सगळे लिहितायत म्हणून थोडं. माझी आई सत्तरीची, तिला घेऊन गेलो होतो.

तिकाल अवघड आणि तळं सोपं, हे गृहीतक तपासा. तिकालमध्ये वाटा बऱ्याचशा सपाट आणि सावलीतल्या आहेत. मुख्य चौकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, पण मंदिर चढायची सक्ती नाही. खाली बसूनही आई खूश होती. पिझोते नावाचे लांब शेपटीचे प्राणी घोळक्याने फिरत होते, झाडावर टूकान पक्षी बसले होते. सकाळी लवकर गेलं की ऊनही सोसवतं.

उलट तळ्यावर लाँचमध्ये चढणं-उतरणं हेच तिला जड गेलं. धक्के लाकडी, अरुंद. तळ्यातून बाहेर वाहणारी नदी नाही, त्यामुळे पाण्याची पातळी वर्षानुवर्षं वरखाली होत राहते आणि धक्के पुन्हा पुन्हा बांधावे लागतात. दुपारी शोकोमिल वारा सुटला की लाँच लाटांवर आपटत जाते. पाठीचं दुखणं असलेल्याने समोरच्या बाजूला मुळीच बसू नये. जे काही गाव बघायचंय ते सकाळी बघून बाराच्या आत परत या. आंतिग्वाचे दगडी रस्तेही गुडघ्यांना त्रासदायक आहेत.

खाण्याचं: मक्याच्या टॉर्टिया, काळा घेवडा, अंडी, अॅव्होकाडो, तळलेली केळी सगळीकडे मिळतं. शाकाहारी असाल तर नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, चिकन येऊ शकतं. घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. दोन्ही नको, असं वेगवेगळं सांगा.

टेकाड

वाद छान चाललाय, पण दिवस कुणी मांडलेच नाहीत. मी मांडतो.

शनिवार रात्र आंतिग्वा. रविवार आंतिग्वातच, कारण मार्चमध्ये ईस्टरआधीचा उपासाचा काळ असतो आणि दर रविवारी मिरवणूक निघते. जांभळ्या झग्यातली माणसं ख्रिस्ताच्या मूर्तीचा प्रचंड लाकडी मंच खांद्यावरून नेतात. रस्त्यावर रंगीत भुशाचे आणि फुलांचे गालिचे घातलेले असतात, मिरवणूक त्यांच्यावरून जाते. हे चुकवू नका. सोमवारी पहाटे राजधानी आणि विमानाने फ्लोरेस. मंगळवारी सहाला तिकालच्या दारात, दुपारपर्यंत बाहेर, संध्याकाळच्या विमानाने परत, राजधानीत मुक्काम. बुधवारी सकाळी तळं, वाटेत इशिमचे. गुरुवार तळ्यावर. शुक्रवारी दुपारी निघून विमानतळाजवळ.

सगळं बसतं. तिकाल वगळायची गरज नाही.

सांजवारा

टेकाड, इतकं नीट मांडल्याबद्दल मनापासून आभार. पण याच वेळापत्रकाने माझं मत पक्कं झालं.

मोजून बघा. सात रात्री, पाच ठिकाणी सामान उघडायचं. तळ्याला पूर्ण दिवस एकच, गुरुवार. सान हुआनमध्ये अर्धा दिवस बसायचं तर तळ्याकाठचंच सांतियागो राहिलं. आणि गुरुवार-रविवार हेच चिचिकास्तेनांगो या गावच्या बाजाराचे वार. गुरुवारी बाजाराला गेलो तर तळंच राहिलं. त्यात विमान उशिरा सुटलं तर पुढचं सगळं कोसळतं. शिवाय अंधार पडल्यावर डोंगरी रस्त्यावर गाडी नको, असं तिथे जाऊन आलेले सगळेच सांगतात.

सांतियागो आतितलान मला सोडायचं नाही. 1990च्या डिसेंबरमध्ये लष्कराने तिथे निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर गावाने लष्कराला गाव सोडायला लावलं. यादवी युद्ध 1960 ते 1996 चाललं, मारले गेलेल्यांत बहुसंख्य माया होते. माझ्या मुलाला तिकालचा आठव्या शतकातला राजा कळावा, हे बरोबर. पण ज्या आज्या आज तिथे बाजारात बसतात त्यांनी काय पाहिलंय, हेही त्याला कळायला हवं. एका आठवड्यात दोन्ही नीट होत नसेल तर मी दुसरं निवडीन.

गडवाट

सांतियागोबद्दल एक शब्दही बोलणार नाही, जरूर जा. पण ताई, तुम्ही निवड अशी मांडताय की जणू तिकाल बघणारा माणूस आजच्या माया लोकांकडे पाठ फिरवतो. तिकालमध्ये आजही विधी होतात. मुख्य चौकात अग्नी पेटवून कोपालचा धूप घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या लेखी ती जागा मेलेली नाही. लढाईच्या आणि मोर्चाच्या इतिहासाइतकाच तोही त्यांचा हक्काचा वारसा आहे.

चिचिकास्तेनांगो वगळा. तिथला बाजार आता मोठ्या प्रमाणात प्रवाशांसाठी भरतो. सोलोलाचा मंगळवार-शुक्रवारचा बाजार जास्त खरा आहे आणि तो पानाहाचेलच्या डोक्यावरच आहे, घाट चढून वीस मिनिटं. शुक्रवारी निघताना वाटेत होतो. म्हणजे गुरुवार पूर्ण मोकळा: सकाळी सांतियागो, तिथून लाँचने सान हुआन.

उत्तरा_के

सोलोलाबद्दल सहमत, तिथे पुरुषही पारंपरिक वेशात दिसतात. पण चिचिकास्तेनांगोला इतकं झटकून टाकू नका. सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर फुलं विकणाऱ्या बायका आणि धुपाचा धूर हे प्रवाशांसाठी मांडलेलं नाही. फक्त चर्चच्या आत फोटो काढू नका आणि बाहेरही माणसांना विचारल्याशिवाय नको.

सांजवारा, एक सुचवू? नवरा आणि मुलगा सोमवार-मंगळवार तिकालला जाऊ देत. तुम्ही आणि सासूबाई सोमवारी थेट तळ्यावर. बुधवारी ते तिथे येऊन मिळतील.

सांजवारा

हे घरात बोलून बघते. मुलाला आजीबरोबर फिरायचंय, तीच तर सगळ्यांनी मिळून जायची गंमत, त्यामुळे माझा कल अजून एकत्र राहण्याकडेच आहे. पण नवऱ्याला ही कल्पना आवडेल, हे नक्की.

टेकाड

विभागून गेलात तर दोन गोष्टी बघा. मार्चच्या उत्तरार्धात पेतेनमध्ये शेतं जाळायला सुरुवात होते, धुराने दूरचं दिसत नाही. तळ्यावरही तेव्हा ज्वालामुखी धूसर होतात. सुट्टी पहिल्या पंधरवड्यात असेल तर चौथ्या मंदिरावरून दिसण्याची शक्यता बरी. आणि सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय असेल तर ग्वाटेमालाच्या वकिलातीकडून व्हिसाचं उत्तर लेखी मागवा. त्यांचा अमेरिकन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही तिकिटं काढायच्या आधी बघून घ्या.